खंडेनवमीचं डिझेल

सगळ्यात आधी मानबहादूर दाईचं नाव लिहितो. काय घडलं ते मागाहून सांगतो, पण नाव आधी. सांगायला बसलं की माझंच पुराण सुरू होतं आणि ज्याचं नाव घ्यायचं तो राहून जातो. तसं ह्यावेळी व्हायला नको.

दाई म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ. मानबहादूर दाई पोखऱ्याच्या पलीकडच्या डोंगरातला, आणि आमच्या स्टेडियममध्ये गवत कापायच्या मशिनींचा मेकॅनिक. दुसरं नाव फिलोमिनाताईंचं. त्या वसईच्या. आमच्या साइट ऑफिसात रोजचे रिपोर्ट टाइप करतात, दोह्यात अल गराफाला नवरा-मुलांसोबत राहतात. हा लेख लिही म्हणून त्याच मागे लागल्या. "मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी इंजिनियर लोक लिहितात, पाइपलाइन आणि प्लँट. तू गवताचं लिही."

मी म्हटलं, "ताई, मी आठवी नापास."

"गवत उगवताना मार्कशीट मागतं का? लिही. शुद्धलेखन मी बघते."

तेव्हा ह्यात काही धड वाटलं तर ते ताईंनी तपासलेलं आहे, आणि जे वाकडंतिकडं आहे ते माझं.

मी दत्ता. पारनेर तालुक्यातला. आठवीला दोनदा बसलो, दोन्ही वेळा गणित आणि इंग्रजीने मिळून पाडलं. मग पुण्यात एका क्लबच्या क्रिकेट मैदानावर माळ्याच्या हाताखाली लागलो. रोलर ओढला, पाणी मारलं, पिचवरचं एकेक तण बोटाने उपटलं. तिथल्या एका ओळखीवर दोह्याला आलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. मी जिथे काम करतो ते ह्या देशाचं मुख्य फुटबॉल स्टेडियम. नाव लिहीत नाही. लिहायचं तर कंपनीला विचारावं लागेल, आणि विचारायची मला भीती वाटते. मला बऱ्याच गोष्टींची भीती वाटते, ते पुढे दिसेलच.

कतार देश एवढासा. सकाळी गाडीने निघालात तर दुपारच्या जेवणाआधी ह्या टोकाहून त्या टोकाला पोचाल. पण देशाच्या टीमची मॅच असली की हा एवढासा देश सगळाच्या सगळा आमच्याकडे येतो असं वाटतं. मरून शर्ट घातलेली पोरं बापाच्या खांद्यावर बसून येतात, म्हातारे लोक पांढऱ्या थोबमध्ये, म्हणजे पायघोळ झग्यात, काठी टेकत येतात. राष्ट्रगीत सुरू झालं की आम्ही गवतवाले बोगद्याच्या तोंडाशी उभे असतो. खेळाडू झेंड्याकडे बघतात. मी गवताकडे बघतो. कुठे उखडलं तर नाही ना, कुठे पाणी जास्त झालं नाही ना. गोल झाला की सगळे उड्या मारतात आणि मी हिशेब करतो, की आता हे सगळे कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी गुडघ्यावर घसरणार.

लोकांना वाटतं गवत आपोआप उगवतं. वाळवंटात काहीच आपोआप उगवत नाही. आमच्या मैदानाखाली माती नावालाच, वाळूच जास्त, म्हणजे पाणी वरचेवर खाली जातं आणि मुळं कुजत नाहीत. गवतं दोन. एक उन्हाळी, जाड पानाचं, चिवट, उन्हाला आणि खारटपणाला दाद न देणारं. ऑक्टोबर आला की त्याला झोप येऊ लागते. मग त्याच्या डोक्यावर आम्ही हिवाळी गवताचं बी पेरतो. आठवड्याभरात ते वर येतं, तान्ह्या बाळाच्या जावळासारखं. त्या दिवसांत मैदानावर चालताना मी पाय सुद्धा हळू टाकतो. मॅच असली तर काय, बावीस जणांना कोण सांगणार हळू टाका म्हणून.

वरून छप्पर, त्यामुळे अर्ध्या मैदानाला ऊन मिळत नाही. तिथे आम्ही मोठाले दिवे चाकांवर ढकलत नेतो आणि गवताला खोटं ऊन देतो. खुर्च्यांखालून प्रेक्षकांसाठी गार हवा सोडतात, तिने कडेचं गवत सुकतं, म्हणून कडेला पाणी वेगळं. हाताचं बोट खुपसून ओल बघायची सवय आहे मला. मीटर आहे कंपनीचा, पण मी मीटर लावून परत बोट खुपसतो. आमचे साहेब ग्रॅहम, ते स्कॉटलंडचे, एकदा म्हणाले की मीटरवर विश्वास नाही का? मी म्हटलं, "सर, मीटर ओके. फिंगर डबल ओके." माझं इंग्रजी एवढंच.

आणि ते फिके-गडद पट्टे असतात ना, ते रंगाचे नसतात. मशीन एकीकडे गेली की पाती तिकडे झोपतात आणि परत आली की उलटी. उजेड पडतो तसं एक पट्टा फिका दिसतो, एक गडद. हे मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं.

गिऱ्हाइकं पण एकेक. एक गोलकीपर आहे, येतो तेव्हा बुटाच्या टाचेने गोलच्या मधोमध सरळ रेघ ओढून ठेवतो, स्वतःला मधली जागा कळावी म्हणून. मी ती रेघ बुजवतो, तो परत ओढतो. आमची बोलचाल नाही, पण असं आमचं वर्षानुवर्षं चाललंय. बाहेरच्या टीमचा एक कोच आला होता, खिशातून पट्टी काढून गवताची उंची मोजत बसला. मी शेजारी उभा, घाम फुटलेला. सव्वीस मिलिमीटर निघालं, आम्ही सव्वीसच ठेवलं होतं. त्याने पट्टी खिशात टाकली आणि मला सलाम केला. तो सलाम मी घरी फोन करून सांगितला.

एकदा शहरातल्या मदिनत खलिफाला राहणारं एक मराठी कुटुंब स्टेडियम बघायला आलं. मुलगा असेल सात-आठ वर्षांचा. आई सारखी, "चिन्मय, हात लावू नको. तिथे नको. मागे ये."

मुलगा म्हणाला, "मम्मा, इज इट प्लॅस्टिक?"

मी मराठीत म्हटलं, "नाही रे बाळा, खरं आहे. हात लाव. दोन बोटं लाव, चालेल."

बाई दचकल्या. "अय्या, तुम्ही मराठी? आधी नाही का सांगायचं!"

मुलाने वाकून दोन बोटं लावली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "इट्स वेट." त्याला माझं मराठी कळत होतं, मला त्याचं इंग्रजी तेवढं कळलं. आमचं छान चाललं. बाकी सगळे स्कोअरबोर्डचे फोटो काढत होते.

आता दाईची गोष्ट.

दाईला घरी जायला दोन वर्षांनी एकदा सुट्टी मिळते, पण ती उन्हाळ्यात. कारण आमचा सीझन ऑक्टोबरला उघडतो, आणि दसरा ऑक्टोबरात. नेपाळमध्ये दसरा म्हणजे दशैं, त्यांचा सगळ्यात मोठा सण. त्या दिवसांत घरातली थोरली माणसं धाकट्यांच्या कपाळाला दही, तांदूळ आणि शेंदराचा मोठा टिळा लावतात. त्याला ते टीका म्हणतात. दसऱ्यापासून कोजागिरीच्या पौर्णिमेपर्यंत तो घेता येतो, नंतर नाही. दाईने आईच्या हातचा टीका घेऊन नऊ वर्षं झाली होती. आई म्हातारी, एका डोळ्याने दिसत नाही.

गेल्या वर्षी एजन्सीकडून एक तात्पुरता मेकॅनिक आला होता, म्हणून साहेबांनी कधी नव्हे ती दाईला ऑक्टोबरात सुट्टी दिली. दसरा धरून चौथ्या दिवशी संध्याकाळचं विमान, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी घरी. दाई तसा कमी बोलणारा, पण त्या आठवड्यात शेडमध्ये शीळ घालायचा. पौर्णिमेलाच आमच्याकडे देशाच्या टीमची मॅच होती, पण दाईचं त्यात काही अडत नव्हतं. मशिनी तयार होत्या.

आली खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं पूजतात. आमच्या घरी कुदळ, खुरपं, विळा, नांगराचा फाळ, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं आणि दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. पाण्याचं इंजिन वडील डिझेलने धुवायचे. डिझेलने जुनं ग्रीस सुटतं, लोखंड असं चकाकतं की बघत राहावं. मी दाईला म्हटलं, "आज हमारे यहाँ औजार का पूजा."

"हमारे यहाँ भी आज ही," दाई म्हणाला. "गाड़ी, मशीन, सब."

आम्ही ठरवलं, तीन रिळांच्या, म्हणजे तीन फिरत्या पात्यांच्या, मोठ्या मशिनीची पूजा करायची. ती बसून चालवायची, डिझेलवर चालणारी. मीच तिच्यावर असायचो. त्या दिवशी कापणी नव्हतीच. दाई दुपारी सरावाच्या मैदानावर पाण्याची गाडी दुरुस्त करायला गेला, आणि मी मशीन धुवायला घेतली. नुसत्या साबणाने मन भरेना. कॅनमधून डिझेल घेतलं, ब्रशने खालून वरून घासलं, रोलरची टोकं, साखळीची झाकणं, सगळं. बाहेरून फडक्याने पुसलं. काय चकाकली म्हणता! आतल्या सांदीकोपऱ्यांत डिझेल साचून राहिलं, ते मला दिसलं नाही.

आता आमच्या शेडचा एक नियम सांगतो. प्रत्येक मशिनीखाली संध्याकाळी पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवायचा. सकाळी पुठ्ठ्यावर एक जरी थेंब दिसला तरी ती मशीन गवतावर जायची नाही. हा नियम दाईचाच. एका थेंबाने गवत मरतं, आणि दोन दिवसांनी मरतं, म्हणजे मेलं ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

त्या संध्याकाळी मशिनीखाली मी पुठ्ठा ठेवला नाही. पूजेच्या मशिनीखाली पुठ्ठा कसा ठेवायचा? मी तिथे रांगोळी काढली. खडूची भुकटी होती, तिची, ठिपक्यांची, चांगली तेरा ते सात. दाई आला, बघून खूश झाला. त्याने दह्यात कालवलेला लाल तांदळाचा टीका बॉनेटला लावला, मी हळदकुंकू. डिझेलचं शेड, त्यामुळे काडी पेटवायला सक्त मनाई. मी हळहळलो, उदबत्ती तरी हवी होती.

दाई म्हणाला, "मोबाइल में अगरबत्ती का फोटो दिखा दे. मशीन को क्या पता."

दसऱ्याच्या सकाळी रांगोळीवर ओले ठिपके दिसले. मी म्हटलं, दही गळलं. खरंच तसं वाटलं मला. दाईने सुद्धा रांगोळी ओलांडून मशिनीला हात जोडले आणि तो दुसऱ्या कामाला लागला. पुठ्ठा कुठे आहे हे त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी मशीन बाहेर काढली आणि कोवळ्या गवतावर आठ पट्टे मारले. मधेच मैदानाच्या मध्यरेषेजवळ, खेळाडू बाहेर बसतात त्या बाजूला, मशीन उभी करून फोनवर आईला दसऱ्याचा नमस्कार केला. इंजिन चालूच होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेलो. आठही पट्ट्यांत हातभर अंतरावर एकेक तपकिरी ठिपका, सरळ ओळीत. आणि मध्यरेषेजवळ, मी फोन केला तिथे, दारातल्या पायपुसण्यापेक्षा मोठा डाग, काळपट, तेलकट.

मला त्याच क्षणी कळलं. रांगोळीवरचं ओलं आठवलं.

साहेब आले. बसले, बोटाने गवत चोळलं, वास घेतला. "डिझेल," म्हणाले. मग उठून शेडकडे बघितलं. डिझेलवर चालणारी मशीन, तिच्यातून डिझेल पडलं, म्हणजे पाइप गळतोय. म्हणजे मेकॅनिकने बघितलं नाही. दुसरं कोणाच्या मनात काय येणार? दाईला बोलावलं. दाई म्हणाला, "मेरा मशीन चूता नहीं, साब." साहेबांनी फोन काढून कोणालातरी काहीतरी सांगितलं. मला त्यातलं 'लीव्ह' आणि 'होल्ड' एवढे दोन शब्द कळले. चौकशी होईपर्यंत दाईची सुट्टी थांबली. देशाच्या मॅचआधी मैदान खराब होणं ही साधी गोष्ट नाही. सगळे कुजबुजत होते की मेकॅनिकला ह्यावेळी परतीच्या तिकिटाशिवाय घरी पाठवतील.

मी तिथेच उभा होतो, चार पावलांवर. तोंड उघडलं नाही. खरं म्हणजे मी भ्यालो होतो. मला घरी पाठवलं तर? आठवी नापास माणसाला परत कोण बोलावणार? दुपारभर दाई मशीन उघडून एकेक पाइप काढून बघत होता, फुंकत होता, परत बसवत होता. मी त्याला नटबोल्टचे पाने देत होतो. "बारा का," तो म्हणायचा, मी बारा नंबर द्यायचो. "चौदह का." मी चौदा द्यायचो. एवढंच बोलणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे दाईच्या विमानाच्या दिवशी, मी ताईंच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. सगळं सांगितलं. रांगोळी सुद्धा.

ताईंनी चष्मा काढला. "आणि काल दिवसभर?"

"गप्प होतो."

"शाबास रे!" त्या मला जोरात बोलल्या ते तेवढंच. मग उठल्या. "चल, साहेब आत आहे."

"ताई, तुम्हीच सांगा ना. तुमचं इंग्रजी..."

"हे बघ दत्ता. तू मराठीत सांगायचं, मी इंग्रजीत सांगणार. तू जेवढं बोलशील तेवढंच. मी तुझी वकील नाही."

आत गेलो. मी एक वाक्य बोलायचो आणि ताई ते इंग्रजीत सांगायच्या, आवाज न बदलता. साहेबांचे कान लाल झाले. मधे त्यांनी एकच प्रश्न विचारला. ताई म्हणाल्या, "विचारतायत, डिझेल कशाला?"

मी खंडेनवमी समजावली. इंजिन, वडील, हळदकुंकू. ताईंनी समजावलं. साहेबांनी खिडकीतून मैदानाकडे बघितलं. मग काहीतरी बोलले, आणि ताईंच्या ओठांच्या कडेला हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं.

"म्हणतायत, मशिनीची पूजा करायची तर आधी मशिनीला काय आवडतं ते बघावं. डिझेल तिला आतून आवडतं, बाहेरून नाही. पुढचं ऐक. तुला लेखी ताकीद मिळणार. तीन महिने मशिनीवर बसायचं नाही. मॅचच्या आधी मैदान नीट झालं नाही तर मग दुसरं बोलू. आणि मेकॅनिक आज जाऊ शकतो."

मला रडू आलं. साहेबांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला, माझ्याकडे न बघता.

शेडपर्यंत पळत गेलो. "दाई, जा तू! खलास! मैंने सब बोल दिया साहब को. तेरा छुट्टी चालू. बॅग उठा!"

दाई टेबलावर हिरवळ मुळांसकट कापून काढायचं यंत्र उघडून बसला होता. त्याचं पातं हातात होतं. "मालूम है," तो म्हणाला.

"क्या मालूम है?"

"डिझेल. मेरा पाइप सूखा है. और चेन के ढक्कन के अंदर ब्रश का बाल मिला. मशीन को ब्रश कौन मारता है? तू." त्याने पातं उजेडात धरलं. "आज शाम तक तू नहीं बोलता तो मैं बोल देता. मैं कोई साधु नहीं है, दत्ता भाइ. मेरी भी माँ है."

मी खाली बसलो. तो पुढे म्हणाला, "वो सफेद गत्ता मैंने भी नहीं पूछा. रंगोली देखके मैं भी भूल गया."

मला वाटलं आता तो उठेल, हात धुईल, कॅम्पवर जाऊन बॅग घेईल. तो उठेना.

"दाई, फ्लाइट?"

"और ये कौन लगाएगा? तू?"

इथे परत थोडं कामाचं सांगतो. छोटे ठिपके बुजवायला एक पोकळ नळीसारखं हत्यार असतं. ते दाबून मेलेलं गवत गोल काढायचं आणि तेवढाच गोल दुसरीकडून आणून बसवायचा. ते मला येतं. पण मोठा डाग तसा भरत नाही. तिथली हिरवळ अख्खी, चादरीसारखी उचलायची आणि सरावाच्या मैदानावरून तेवढीच चादर कापून आणून बसवायची. तिची जाडी सगळीकडे एकसारखी हवी. दोन मिलिमीटर जरी कमीजास्त झालं, तरी पळता पळता खेळाडूचा पाय तिथे अडकतो, किंवा चादर बुटाखाली सरकते. एखाद्याचा गुडघा जातो. कापायच्या यंत्राचं पातं त्या मापाला बसवणं हे आमच्याकडे एकट्या दाईला येत होतं. एजन्सीचा मेकॅनिक इंजिनं बघायचा, त्याने हिरवळ कधी कापली नव्हती.

मी म्हटलं, "साहेबांनी जा म्हटलंय."

"साब ने बोला. घास ने नहीं बोला." आणि त्याने पान्यासाठी हात पुढे केला. "दस का दे."

मी पाना दिला नाही. दुसऱ्या कंपनीतून माणूस मागवू म्हटलं, मीच बघून बघून करतो म्हटलं, पाया पडतो म्हटलं. दाईने टेबलावरून वाकून स्वतःच पाना घेतला. "माँ को फोन किया है. बोली, काम पूरा करके आ. यल्ला, चल अब, पानी का पाइप ला."

त्या संध्याकाळी विमान गेलं, आणि पौर्णिमेआधीच्या दुसऱ्या विमानात जागा नव्हती. त्या वेळी आम्ही सरावाच्या मैदानाच्या कडेला गुडघ्यावर होतो. पहिली चादर पातळ निघाली. दाईने ती फेकली, पातं परत बसवलं. दुसरी एका बाजूला जाड. तिसरी त्याने अंगठ्याने चारही बाजूंना दाबून बघितली आणि मान हलवली. ती दोघांनी फळीवर घालून, अंगावर घेऊन, नवजात पोर न्यावं तशी मैदानात नेली. मी ठिपके मोजले नाहीत, पण दोन दिवस सकाळपासून अंधार पडेपर्यंत तेच करत होतो. नळी दाब, काढ, बसव, वाळू भर, पाणी दे. माझ्या तळहाताला नळीच्या मुठीचा घट्टा पडला.

मॅचच्या सकाळी, म्हणजे पौर्णिमेला, दाई राखीव खेळाडूंच्या बाकावर जाऊन बसला. मी पाच पावलांवर ठिपक्यांना पाणी देत होतो. फोनवर त्याची आई होती, घरचे सगळे मागे उभे. आई नेपाळीत काहीतरी बोलत होती, मग तिने समोरचं ताट उचललं. तिला वाटलं असेल जवळ घेतलं म्हणजे लागेल, किंवा दिसत नसल्यामुळे असेल, तिने दही-तांदळाचा टीका तिकडच्या फोनच्या काचेवरच लावला. आमच्याकडे दाईचा फोन एकदम लाल झाला. आई दिसेना, नुसता लाल रंग आणि तिचा आवाज. मागची पोरं खो-खो हसली. दाईने डोकं वाकवून कपाळ फोनला टेकवलं, आणि तसाच बसून राहिला. मी पाणी बंद केलं. मग मला कळलं की पाणी बंद करून मी त्याच्याकडे बघत उभा आहे, म्हणून परत चालू केलं.

मॅच झाली. कशी झाली ते मला आठवत नाही, मी एकाच जागेकडे बघत होतो. दुसऱ्या हाफमध्ये एक आडदांड बॅक अगदी त्या चादरीवरून घसरत गेला. तो उठला, गुडघे झटकले, पळाला. चादर जागची हलली नाही. दाई माझ्या शेजारी बोगद्याच्या तोंडाशी उभा होता. "देखा?" एवढंच म्हणाला.

मला ताकीद मिळाली, ती माझ्या फाइलला आहे. तीन महिने मी मशिनीवर बसलो नाही. दाईची सुट्टी परत उन्हाळ्यात गेली. तो जाऊन आला, येताना माझ्यासाठी सुकवलेला मुळा घेऊन आला, त्याला भयंकर वास येतो पण भाजी चांगली होते. एजन्सीचा मेकॅनिक गेला. ह्या ऑक्टोबरात परत दाई एकटाच, परत सीझन, परत दसरा. मी साहेबांना विचारलं, ताईंना घेऊन. साहेब म्हणाले, पातं बसवणारा दुसरा माणूस दाखव, मेकॅनिकला मी दसऱ्याला सोडतो.

म्हणून सध्या मी शिकतोय. शुक्रवारी सुट्टी असते, दाई आणि मी शेडमध्ये असतो. सरावाच्या मैदानाच्या मागे एक पडीक तुकडा आहे, तिथे मी कापतो आणि दाई अंगठ्याने दाबून बघतो. कधी कड पातळ, कधी मधे फुगवटा. "अभी नहीं," म्हणतो आणि चहा ओततो. मला घाई आहे, त्याला नाही. त्याची आई त्र्याऐंशीची आहे, ह्याची तो मला कधी आठवण करून देत नाही. मीच रोज आठवतो.

ह्या दसऱ्याला जमेल असं मी लिहीत नाही, कारण पातं अजून माझं ऐकत नाही. पण दाई, ताई तुला हे वाचून हिंदीत सांगतील तेव्हा एवढं ऐकून ठेव. एका दशैंला तू आईसमोर बसलेला असशील, हे मी करून देणार आहे. त्या दिवशी तुला सोडायला मी विमानतळावर येणार नाही. मी मैदानावर असलो पाहिजे.